राणीचा लेख आणि वाटसरूंचे पाणी

मुलाबाळांना घेऊन एका दिवसात करता येतील अशा घाटवाटांची यादी कुणीही केली, तरी तीत नाणेघाटाचे नाव पहिल्या पाच-सहांत येतेच. कल्याणहून माळशेजच्या रस्त्याने निघायचे, मुरबाड आणि टोकावडे मागे टाकायचे, वैशाखऱ्याच्या पुढे गाडीतून उतरायचे आणि रानात शिरायचे. अडीच-तीन तास चढले की लेणे येते. लेण्यापासून पुढे खिंडीतून वर गेले की घाटमाथा, दगडी रांजण आणि गार वारा. वाटेत दोर लावावा लागत नाही, कडा चढावा लागत नाही. पावसाळा संपता संपता तर शनिवार-रविवारी इथे जत्रा असते.

माथ्यावर पोचलेल्यांना बहुधा दोन वाक्ये ऐकायला मिळतात. पहिले असे, की हा सातवाहनांचा जकातनाका होता आणि या रांजणात जकातीची नाणी टाकत. दुसरे असे, की खालच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. दोन्ही वाक्ये ऐकून, छायाचित्रे काढून, डबे उघडून मंडळी परततात. यांतल्या पहिल्या वाक्याला मागे परंपरा आहे, लेखी पुरावा नाही. दुसऱ्याला पुरावा भक्कम आहे, पण त्यात नेमके काय लिहिले आहे हे सहसा कुणी सांगत नाही. आणि तिसरे एक वाक्य आहे, जे मी तिथे कुणाच्याही तोंडून ऐकलेले नाही. ते पाण्याविषयी आहे. माझ्या मते या घाटाचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात त्या तिसऱ्या वाक्यापासून केली पाहिजे.

वाट

सह्याद्रीत कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटा शेकड्यांनी आहेत. त्यांना नावेही नेमकी आहेत. दोन डोंगरांमधली अरुंद फट ती खिंड, पाण्याने कापत नेलेली झाडीभरली चीर ती घळ, उभ्या उताराची दगडगोट्यांनी भरलेली ती नाळ, आणि ओझ्याचा बैल चढू शकेल ती वाट म्हणजे घाट. निदान जुन्या माणसांच्या बोलण्यात हा शेवटचा भेद स्पष्ट असे. माणूस कुठूनही चढतो, पण जिथून लादलेला बैल चढतो तिथून व्यापार चढतो. नाणेघाट या अर्थाने घाट आहे.

गेल्या वर्षी कार्तिकात आम्ही चौघे तिथे गेलो. सत्तरीला टेकलेली आई, पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि मी. खालच्या टप्प्यात साग आणि ऐनाचे रान होते. ओढ्यांतून अजून पाणी वाहत होते. पायवाट सपाटीवरून हळूहळू वर चढत जाते, मग रान दाट होते, दोन्ही बाजूंचे उतार जवळ येतात आणि आपण घळीत शिरलो हे सावलीवरून कळते. शेवटच्या टप्प्यात वाटेवर दगड लावलेले दिसू लागतात. काही ठिकाणी सरळसरळ पायऱ्या आहेत. आईने तिथे थांबून एक गोष्ट दाखवली, जी माझ्या टिपणवहीत नव्हती. ती म्हणाली, "अरे, या पायऱ्या माणसाच्या पावलाच्या नाहीत. बघ, किती रुंद आहेत. जनावराचे चारी पाय टेकायला जागा ठेवली आहे." तिचे बालपण बैलगाडीच्या घरात गेले आहे, त्यामुळे हे तिला पुस्तकाविना दिसले.

या पायऱ्या सगळ्या एकाच काळातल्या नसणार. दोन हजार वर्षे वापरात असलेली वाट प्रत्येक पिढीने थोडी थोडी दुरुस्त केलेली असते. पण आईच्या निरीक्षणाने एक मुद्दा पक्का होतो. ही वाट चाकांची नाही. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आहे. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावर आणि तगर तिथून पूर्वेला दहा दिवसांवर, असे त्यात म्हटले असून तिथला माल गाड्यांतून भडोचला येई असे सांगितले आहे. त्याच वृत्तात किनाऱ्यावरच्या सोपारा आणि कल्याण या बंदरांचीही नावे आहेत. नाणेघाटाचे नाव त्यात नाही. पण नकाशा समोर ठेवला, तर सोपारा-कल्याणहून जुन्नरकडे आणि जुन्नरहून पैठणकडे जाणाऱ्या माणसासाठी ही घळ म्हणजे सरळ रेषेवरचा जिना आहे. गाड्या जिथे थांबतात तिथून ओझे बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर चढे.

लेण्यातले कुटुंब

खिंडीच्या कोकणाकडच्या तोंडाशी, उजेडाकडे उघडणारे एक चौकोनी लेणे आहे. त्यात स्तूप नाही, भिक्षूंच्या निजण्याच्या खोल्या नाहीत. भिंतीलगत बसण्याजोगा कट्टा आहे. जुन्नर परिसरात बौद्ध लेण्यांची इतकी दाटी असताना हे लेणे मात्र विहार वाटत नाही. ते वाटसरूंच्या विसाव्याचे ठिकाण असावे हे मत अभ्यासकांनी मांडले आहे, आणि चढून आलेल्या कुणाच्याही पायांना ते पटते.

या लेण्याच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर मिळून एक मोठा लेख कोरलेला आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. समोरच्या भिंतीवर एकेकाळी माणसांच्या उठावाच्या मूर्ती होत्या. आज त्या नाहीत. त्यांच्या पावलांच्या खुणा आणि डोक्यावर कोरलेली नावे तेवढी राहिली आहेत. वाचता येणाऱ्या नावांत राजा सिमुक सातवाहन आहे, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी यांची नावे एकत्र आहेत, मग कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन अशी नावे येतात. म्हणजे घराण्याचा मूळ पुरुष, राजाराणी, मुले, आणि त्यांच्या जोडीला महारठी हा किताब धारण करणारा एक सरदार. हा महारठी राणीच्या माहेरचा, असे बहुतेक विद्वान मानतात.

जरा दूर उभे राहून पाहिले तर हे काय आहे? भर रहदारीच्या वाटेवर, प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी मांडलेले एका कुटुंबाचे दर्शन आहे. भारतात नावांसह कोरलेली इतकी जुनी राजघराण्याची चित्रमालिका क्वचितच आढळते. ती राजधानीत नाही, देवळात नाही. ती एका घळीच्या टोकाला, जिथे माणूस घाम पुसायला थांबतो तिथे आहे. ज्यांना अक्षरे वाचता येत नव्हती, आणि बहुसंख्यांना ती येत नसणार, त्यांच्यासाठी मूर्ती होत्या. ज्यांना वाचता येत होती त्यांच्यासाठी लेख होता.

लेखाची सुरुवात देवतांना वंदनाने होते. धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल. संकर्षण-वासुदेवांचा हा उल्लेख दक्षिणेतल्या अगदी आरंभीच्या उल्लेखांपैकी आहे. मग राणीचा परिचय येतो. ती महारठीची मुलगी, राजाची पत्नी, कुमारांची आई. ती महिनामहिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी, व्रते आणि यज्ञ यांत निष्णात असे तिचे वर्णन आहे. लेख जागोजाग झिजला आहे, पण त्याचा एकूण सूर एका विधवा राजमातेचा आहे, असा अर्थ विद्वानांनी लावला आहे. पती गेला आहे, मुले लहान आहेत आणि राज्य सांभाळायचे आहे. अशा वेळी तिने भाटांना नव्हे, दगडाला बोलायला लावले.

काळाबद्दल मतभेद आहेत. ब्यूलर यांनी लेख इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आरंभाकडे नेला. पुढच्या विद्वानांनी अक्षरवळणांच्या आधारे तो इसवी सनपूर्व पहिल्या शतकात आणला, आणि दिनेशचंद्र सरकार त्याला त्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवतात. शंभर-दीडशे वर्षांचा हा फरक सातवाहनांच्या सगळ्या कालगणनेवर परिणाम करतो, म्हणून तो वाद अजून जिवंत आहे. आपल्या विषयापुरते इतके पुरे, की दोन हजार वर्षांपूर्वी ही वाट इतकी महत्त्वाची होती, की एका राजमातेला आपली बाजू मांडायला याहून चांगली जागा सापडली नाही.

सतराशे गायी कशा लिहाव्या

परिचयानंतर लेख एका लांबलचक हिशेबात शिरतो. अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय, आप्तोर्याम, गवामयन अशा यज्ञांची नावे येतात, आणि प्रत्येकासोबत दिलेली दक्षिणा. गायी, घोडे, हत्ती, गावे, वस्त्रे, आणि काहापण, म्हणजे कार्षापण नाणी. एका ठिकाणी १,७०० गायी आणि १० हत्ती आहेत. इतर ठिकाणी आकडे दहा हजारांच्या पुढे जातात.

या हिशेबाने राणीची कीर्ती किती पसरली ते सांगता येणार नाही, पण गणिताच्या इतिहासात त्याने या घाटाचे नाव कायमचे कोरले. कारण हे आकडे शब्दांत नाहीत, अंकचिन्हांत आहेत. त्याआधी अशोकाच्या लेखांत मोजकी अंकचिन्हे आढळतात. पण एक, दोन, चार, सहा, सात, नऊ, दहा, वीस, ऐंशी, शंभर, दोनशे, तीनशे, चारशे, सातशे आणि पुढे हजारांपर्यंतची चिन्हे एकाच ठिकाणी, एवढ्या संख्येने, पहिल्यांदा भेटतात ती इथे.

लेण्यासमोर बसून मी मुलीला वहीत दाखवले, की आपण १७०० कसे लिहितो. एक, सात, शून्य, शून्य. मग नाणेघाटाची रीत सांगितली. तिथे शून्य नाही, आणि जागेवरून किंमत ठरण्याची आपली पद्धतही नाही. एक हजारासाठी एक स्वतंत्र चिन्ह आहे. शंभरासाठी दुसरे आहे. सातशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला सातचे चिन्ह जोडतात. म्हणून १,७०० म्हणजे आधी हजाराचे चिन्ह, त्याशेजारी सात जोडलेले शंभराचे चिन्ह. दोनच अक्षरांत काम झाले. तिने विचारले, "मग मोठी बेरीज करायची असेल तर?" तिचा प्रश्न बरोबर होता. या पद्धतीत आकडा नोंदवता येतो, पण वहीवर मांडून बेरीज-गुणाकार करणे अवघड जाते. त्यासाठी मणी, खडे किंवा बोटे लागतात. स्थानमूल्याची आणि शून्याची युक्ती पुढच्या शतकांत आली. पण ज्या चिन्हांना ती युक्ती लावली गेली, त्यांची पूर्वजचिन्हे इथे दिसतात. यज्ञाच्या दक्षिणेसाठी इतके आकडे सफाईने कोरणारा कारागीर आणि त्याला ते लिहून देणारा लेखनिक, दोघेही हिशेबाच्या सवयीतले असणार. ती सवय व्यापाराच्या वाटेवर लागते.

वाचणारे

हा लेख आधुनिक काळात पहिल्यांदा नोंदवला तो विल्यम हेन्री साइक्स याने, १८२८ साली. मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याने अक्षरे उतरवली, पण ती वाचणारे तेव्हा कुणी नव्हते. ब्राह्मी लिपीची किल्ली जेम्स प्रिन्सेपला सापडली ती १८३७ च्या सुमारास. नाणेघाटाचे आकडे मात्र त्यानंतरही बराच काळ अबोल राहिले.

ते बोलते केले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. १८३९ साली जुनागढला जन्मलेला हा माणूस मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झाला. इंग्रजी विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. भाऊ दाजींच्या सांगण्यावरून त्यांनी देशभर पायी आणि मिळेल त्या वाहनाने फिरून लेखांचे ठसे घेतले. १८७६ साली मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात नाणेघाटाच्या अंकांवरचा त्यांचा निबंध आला. पुढे गेओर्ग ब्यूलर यांनी १८८३ साली पुरातत्त्व खात्याच्या खंडात लेखाचे सविस्तर वाचन प्रसिद्ध केले, तेव्हा भगवानलालांच्या कामाचा आधार त्यांना होताच. मराठी वाचकांपर्यंत सातवाहनांचे हे लेख नीट पोचवण्याचे श्रेय महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांचे.

भगवानलालांविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्याला वाटेच्या दुसऱ्या टोकाला नेते. १८८२ साली त्यांनीच सोपाऱ्याचा स्तूप खणला, आणि त्याच वर्षी तिथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. म्हणजे बंदर आणि घाटमाथा ही वाटेची दोन्ही टोके एकाच माणसाने वाचली. पाणी पुरवणाऱ्या ज्या माणसांकडे आता आपण वळणार आहोत, त्यांतला एक सोपाऱ्याचाच आहे.

रांजण

त्याआधी रांजणाचा निकाल लावू. खिंड चढून माथ्यावर आले की एक मोठा दगडी रांजण दिसतो. त्यात जकातीची नाणी टाकत, म्हणून नाणेघाट, अशी व्युत्पत्ती सांगतात. शेजारच्या सुळक्याला नानाचा अंगठा म्हणतात, म्हणून काही जण नानाघाट हे मूळ नाव धरतात. लोककथा म्हणून दोन्ही गोड आहेत.

पण लेण्यातल्या लेखाच्या वाचता येणाऱ्या भागात जकातीचा एक शब्द नाही. राणीने किती दिले ते सांगितले आहे, कुठून आले ते नाही. रांजणावरही लेख नाही.

याचा अर्थ इथे जकात घेतली जात नव्हती, असा मात्र नाही. अशी वाट आणि अशी खिंड हाती असताना तिथे कर न घेणारे राज्य विरळा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीमेवरच्या अंतपालाने 'वर्तनी' नावाचा वाटकर घ्यावा असे सांगितले आहे. मालाच्या गाडीला सव्वा पण, एक खुराच्या जनावराला एक पण, गुरांना अर्धा, लहान जनावरांना पाव, आणि माणसाच्या खांद्यावरच्या ओझ्याला एक माषक. त्याच वाक्यात पुढे अट आहे, की वाटेत माल हरवला किंवा चोरीला गेला तर अंतपालाने तो भरून द्यावा. हा ग्रंथ म्हणजे नाणेघाटाची नोंदवही नव्हे. पण त्यातून जकातीमागची कल्पना समजते. राज्य कर घेते आणि त्या बदल्यात वाट सुरक्षित ठेवते. 'पहिला टोलनाका' या शब्दांत ही दुसरी बाजू हरवते. उरतो तो फक्त पैसे टाकायचा रांजण.

पोढी

आता पाणी. घाटात आणि लेण्याच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. काहींत कार्तिकात पाणी होते, काहींत गाळ आणि प्लास्टिकच्या बाटल्या. प्राकृत लेखांत अशा टाक्याला पोढी म्हणतात. घाटातल्या टाक्यांच्या परिसरात लहान लेख आढळले आहेत. त्यांतला एक सोपाऱ्याच्या गोविंददासाच्या दानाचा आहे. दुसरा वासिष्ठीपुत्र चतरपण सातकर्णी या राजाच्या तेराव्या वर्षातला, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, कामवन इथल्या दामघोषाचा. राणीच्या लेखाशी तुलना केली तर हे लेख अगदीच ओळभर. यज्ञ नाही, हत्ती नाहीत, पराक्रम नाही. कोण, कुठला आणि काय दिले, एवढेच.

माथ्यापलीकडे जुन्नरला गेले की असे दाते आणखी भेटतात. जुन्नरच्या डोंगरांत अडीचशेच्या आसपास खोदकामे आहेत आणि त्यांतल्या लेखांतून एक गजबजलेले गाव उभे राहते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली, असा लेख आहे. इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या दिल्या, असा दुसरा आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचेही उल्लेख आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला माणूस. तो बंदरात उतरून इथवर आला असेल, तर त्याला सोपे पडणाऱ्या वाटांपैकी एक ही घळच. आणि त्याने दगडात जे दान कोरून ठेवले, ते पाणी होते.

हे धर्मादाय होते यात शंका नाही. 'देयधर्म' हा शब्दच या लेखांत येतो. पण धर्मादाय कशाचे करावे याची निवड माणूस आपल्या अनुभवातून करतो. ज्याने ओझ्याचे बैल घेऊन ही घळ चढली आहे, त्याला माहीत असते की माथ्याशी पोचल्यावर पहिली गरज कशाची असते. जनावर पाण्याविना पुढे पाऊल टाकत नाही. सोपाऱ्याच्या माणसाने सोपाऱ्यात विहीर खोदली असती तर त्याच्या गावाने त्याला दुवा दिला असता. त्याने दान दिले ते घरापासून कित्येक कोस दूर, अशा ठिकाणी, जिथे त्याला ओळखणारे कुणीही राहत नव्हते. त्याचा उपयोग फक्त पुढून येणाऱ्या अनोळखी माणसाला होणार होता.

माझे म्हणणे इथे थोडक्यात मांडतो. नाणेघाट हा राजसत्तेचा घाट आहे तसा तो वाटसरूंचाही आहे, आणि या दोघांनी दगडात दोन वेगळ्या गोष्टी लिहून ठेवल्या. राजसत्तेने इथे आपली वंशावळ आणि दानाचा हिशेब मांडला. त्यामागे निकड होती. एका बाईला तिच्या मुलांचे राज्य टिकवायचे होते, आणि तो लेख आपल्या इतिहासाचा अमोल ठेवा आहे. पण त्या हिशेबातले दान यज्ञ करणाऱ्यांना गेले. वाट चालणाऱ्यांच्या वाट्याला जे आले, ते चालणाऱ्यांनीच दिले. जे दोन हजार वर्षे उपयोगी पडत राहिले, ते हे दुसरे दान.

चालणारे गेले, फिरणारे आले

सातवाहनांनंतरही घाट बंद पडला नाही. शेजारचा जीवधन किल्ला या वाटेवर नजर ठेवून उभा आहे. पुढच्या शतकांत मीठ, भात आणि कापड घेऊन लोक चढत-उतरत राहिले. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून सह्याद्रीच्या घाटांतून ये-जा करत, तेव्हा त्यांच्यासोबत बायका, मुले, म्हातारी माणसे, सारा संसार असे. सहकुटुंब घाट चढणे हा त्यांचा एका दिवसाचा छंद नव्हता. तो त्यांचा धंदा होता.

घाटवाटा ओस पडायला सुरुवात झाली ती रस्ता आणि रुळांमुळे. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकांचा रस्ता खुला झाला. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी वर चढली आणि १८६५ साली थळघाटातून. मालाने चाकांची वाट धरली. बैलांचे घाट गावकऱ्यांपुरते उरले. माळशेजमधून मोटारीचा रस्ता झाल्यावर जुन्नर-कल्याण प्रवासासाठी नाणेघाटाची गरज उरली नाही.

दुसरीकडे नेमक्या त्याच काळात डोंगर चढण्याचा एक नवा हेतू जन्माला आला. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला आणि पुढे तिथे हवा खाण्याचे ठिकाण वसले. पोटासाठी नव्हे तर हौसेसाठी डोंगर चढणे ही पद्धत आधी साहेबांत, मग मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात रुजली. विसाव्या शतकात गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी तिला किल्ल्यांच्या आणि इतिहासाच्या प्रेमाची जोड दिली. आज सुटीच्या दिवशी नाणेघाटात जे कुटुंब दिसते, ते या दुसऱ्या परंपरेचे आहे. त्यात वाईट काही नाही. उलट, वापरातून गेलेली वाट माणसांच्या पायाखाली राहिली ती या हौशी पावलांमुळेच. चालणारे थांबले असते तर रानाने ती केव्हाच गिळली असती.

पण हौशी माणसाचे वाटेशी नाते एका बाबतीत उलटे असते. गोविंददास इथे आला तेव्हा त्याला पाणी हवे होते, आणि जाताना तो पाणी ठेवून गेला. आपण पाणी पाठीवर घेऊन येतो, म्हणून टाक्याकडे आपले लक्ष जात नाही. जाताना आपण रिकामी बाटली ठेवून जातो. आमच्या आईने एका टाक्यातून काठीने तीन बाटल्या ओढून काढल्या आणि पिशवीत भरल्या, तेव्हा शेजारच्या दोन मुलांनीही आपणहून हात लावला. कुणी काही बोलले नाही.

लेण्यातल्या भिंतींची अवस्थाही काळजी वाटावी अशी आहे. लेखाचा मोठा भाग ऊन, पाऊस, दमट हवा यांनी आधीच खाल्ला आहे. साइक्सच्या आणि भगवानलालांच्या काळातही जागोजाग अक्षरे गळालेली होती. त्यात आता स्वतःची नावे कोरणाऱ्यांची भर पडते. दगडावर नाव लिहिण्याची हौस नवी नाही, गोविंददासानेही लिहिलेच. फरक एवढाच, की त्याने नावाच्या आधी टाके खोदून घेतले.

म्हणून नाणेघाटी जाणाऱ्यांना माझी एक साधी विनंती आहे. रांजणापाशी छायाचित्र जरूर काढा. लेण्यात बसा, आणि मुलांना हजाराचे आणि शंभराचे चिन्ह दाखवा, ती त्यांत रमतात. राणीचे नाव सांगा, तिची गोष्टही सांगा. पण त्यानंतर दहा मिनिटे टाक्यांपाशी जा. एखाद्यातला गाळ काढणे आपल्या हातचे नसले तरी त्यात पडलेले प्लास्टिक काढणे आहे. आणि मुलांना तिसरे वाक्य सांगा, की हे पाणी ज्यांनी ठेवले ते राजे नव्हते, या वाटेने जाणारी माणसे होती, आणि त्यांतला एक सोपाऱ्याचा होता.